चार वाजताची भिंत

उन्हाच्या देशात नवा आलेला माणूस मी त्याच्या खिडकीवरून ओळखते. भर सकाळी झडपा सताड उघड्या, पडदे बाजूला, आणि स्वतः मधोमध उभा राहून ‘अहाहा, काय प्रकाश!’ असं म्हणतोय, तो नुकताच विमानातून उतरलेला. जुना माणूस त्या वेळी झडपा ओढून, अंधाऱ्या खोलीत दिवा लावून पेपर वाचत असतो. ज्या उन्हासाठी एवढ्या लांब आलो, त्यालाच दाराबाहेर ताटकळत उभं करायचं, हा इथला पहिला धडा. कुणाला तो एका दिवसात कळतो, कुणाला नाकाचं साल गेल्यावर.

आमच्या अंगणाभोवती चार खोल्या आहेत. त्या मी सुट्टीवर आलेल्यांना देते. शिवाय ज्यांनी इथं घरं घेऊन ठेवली आणि वर्षातून एकदा तोंड दाखवतात, त्यांची घरंही सांभाळते. नळ सोडून बघायचे, गाद्या उलटायच्या, कोळ्यांना नोटीस द्यायची. म्हणून माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो आणि मी चालत आले की आधी तो येतो. शनिवारी संध्याकाळी अंगणात चहा करते. नवे लोक येतात, प्रश्न विचारतात. गाडीच्या स्टिअरिंगवर टॉवेल टाका. औषधं गाडीत ठेवू नका, तापाची गोळी स्वतःच तापते. कपडे उलटे करून वाळत घाला, नाहीतर लाल सदरा महिन्यात गुलाबी होतो. दुपारी कुणाची बेल वाजवू नका, दार उघडेल पण मन उघडणार नाही. प्लंबर ‘उद्या’ म्हणाला तर तो तारीख सांगत नाहीये, धीर देतोय.

लोक ऐकतात, मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात फिरायला निघतात. त्याचं मला काही वाटत नाही. सल्ला हा उधारीचा माल, वसूल होईल तेव्हा होईल.

पण या वर्षी गिऱ्हाईक घरातलंच होतं. माझी नणंद.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आयुष्यभर एका मोठ्या ऑफिसात लोकांच्या रजा मंजूर करायचं काम केलं. तिथं म्हणे ताईंच्या सहीशिवाय कुणी आजारी पडत नसे. निवृत्त झाल्या, पण सवय गेली नाही. समोरचा बोलायला लागला की ताई चष्मा नाकावर खाली घेतात आणि ‘कारण काय?’ अशा नजरेने बघतात. ह्यांचा धंदा एसी बसवण्याचा. छपरावर चढून मालकांना दरडावणारा माणूस, पण ताई समोर आल्या की ह्यांचा आवाज रिकाम्या टाकीतून आल्यासारखा येतो.

भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, अगदी उलट. चष्म्याचं दुकान चालवलं, माणूस मिस्कील. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, या ओलसर थंडीतून बाहेर पडा, कोरडी उबदार हवा बघा. मात्र भट्टी नको आणि जिने नकोत. म्हणून दोघं महिनाभर आमच्याकडे राहायला आले. जमलं तर इथंच घर घ्यायचं, तिकडचं विकायचं. तिकडच्या घराला गिऱ्हाईक तयारही होतं.

आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंनी घर पसंत केलं.

ते त्यांना दाखवलं आमच्या भागातल्या दलालाने. हा दलाल मोठा गोड माणूस. त्याचा शर्ट कधी घामाने भिजलेला कुणी पाहिला नाही, कारण दुपारचं जेवण झालं की तो घराबाहेर पडत नाही. सगळी घरं सकाळी दाखवतो. दहा वाजता वारा असतो, सावली असते, समुद्र निळा असतो. त्याने ताईंना नेलं चौथ्या मजल्यावर. हॉलची पश्चिमेची भिंत म्हणजे निम्मी काच, आणि काचेत मावेल तेवढा समुद्र.

“अगं, काय घर आहे!” ताई अंगणात पाय ठेवता ठेवता म्हणाल्या. “हॉलमध्ये बसलं की बोटीत बसल्यासारखं वाटतं. गुरुवारी कागदांवर सही.”

माझ्या हातातला चहाचा कप बशीवर जरा जोरात टेकला. कारण त्या घराची किल्ली माझ्या कमरेला होती. मालक परदेशात, घर माझ्याकडे. गेली कित्येक वर्षं मी ते झाडत होते. तिथं शोकेसमध्ये शोभेच्या मेणबत्त्या आहेत, त्या दर उन्हाळ्यात कमरेत वाकून नमस्कार करतात. तीन वाजल्यापासून ऊन काचेतून आत येतं ते थेट दिवेलागणीपर्यंत ठिय्या देतं. भर उन्हाळ्यात तर गावातले सगळे एसी एकदम सुरू होतात आणि वीज माघार घेते. वीज गेली की लिफ्ट बंद. मग चौथा मजला, तापलेली काच, आणि मध्ये नुकतेच टाके पडलेल्या छातीचा माणूस.

मी लगेच बोलले, तिथंच चुकले.

“ताई, ते घर पश्चिमेचं आहे. सही करण्याआधी एकदा दुपारी बघून या.”

चष्मा नाकावर खाली आला.

“म्हणजे मी बघितलं ते बघितलं नाही?”

“तसं नाही, पण सकाळी...”

“अगं किल्लीवाले, मी काय आज घरं बघतेय? आम्ही इथं येऊन राहणं तुला जड जाणार असेल तर तसं सरळ सांग. घराला कशाला नावं ठेवतेस?”

संपलं. ज्या दिवशी लग्न होऊन मी त्या घरात आले, त्या दिवसापासून आमचा हाच करार आहे. वहिनीने नणंदेला शहाणपण शिकवायचं नाही. करार तोंडी आहे, पण फार पक्का. माझ्या तोंडाला कुलूप लागलं, आणि एवढ्या मोठ्या जुडग्यात त्याची किल्ली नव्हती.

रात्रीची वाट न बघता मी ह्यांना छपरावर गाठलं. हे टाकीची झाकणं बघत होते.

“तुम्ही बोला ताईंशी.”

“मी?” हे इकडेतिकडे बघून म्हणाले, जणू छपरावर आणखी कुणी भाऊ होता. “ताई म्हणतेय दोन एसी लावून टाक.”

“आणि वीज गेली की?”

“ते ताई बघेल.”

“भाऊजींना एसीच्या गार वाऱ्याने खोकला येतो, तो कोण बघेल?”

“तू असं कर,” हे टाकीत डोकं घालत म्हणाले, “दोन दिवस थांब. ताई कधीकधी ऐकते.”

“कुणाचं?”

हे टाकीत आणखी खोल वाकले.

आता माझी एक खोड आहे. मी माणसं टिपून ठेवते. कोण काय घेतो, काय परत करतो, किती दिवसांनी करतो. ताईंच्या बाबतीत मला एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवावी लागली होती. ती अशी.

इथं उन्हाळ्यात छपरावरच्या टाकीतलं पाणी उकळतं. गार पाण्याचा नळ सोडला तर अंग भाजतं. जुने लोक काय करतात, घरातला गीझर बंद करून ठेवतात. गीझर घराच्या आत, सावलीत, त्यातलं पाणी निवतं. मग अंघोळीला नळ सोडायचा तो गरम पाण्याचा, आणि येतं गार पाणी. ताई आल्या त्याच आठवड्यात मी हे शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांना सांगत होते. ताई तिथंच बसल्या होत्या. म्हणाल्या, “उलटंच काहीतरी!” चार-पाच दिवस गेले. मग एका सकाळी फाटकाजवळ भाजीवाल्यासमोर कुणा नवख्या बाईंना ताई सांगत होत्या, “इकडे या, तुम्हाला माझी एक युक्ती सांगते. गीझर बंद करायचा...”

माझी एक युक्ती!

मला राग आला नाही. म्हणजे आला, पण पाचच मिनिटं. नंतर मी विचार केला की हा तर सोन्यासारखा हिशेब आहे. ताईंच्या हातात दिलेला सल्ला त्या परत करतात. पण वाटेत पडलेला सापडला तर उचलतात, घरी नेतात, चार दिवस झाकून ठेवतात, आणि तो पिकला की स्वतःच्या झाडाचा म्हणून वाटतात. आपल्याकडे म्हण आहेच, लेकी बोले सुने लागे. मला फक्त एक लेक हवी होती.

ती शनिवारी चहाला आली. इथल्या हॉस्पिटलात नव्याने लागलेली नर्स. सडसडीत, बोलकी, भाड्याने जागा शोधत होती. अंगणात सात-आठ माणसं, ताई कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत पेपर घेऊन, भाऊजी त्यांच्या शेजारी डोळे मिटून. नर्सने विचारलं, “मावशी, घर बघताना काय बघायचं?”

मी ताईंकडे पाठ केली आणि आवाज त्यांच्याकडे केला.

“घर बघायचं ते दुपारी चारला. सकाळी सगळीच घरं देखणी असतात, आपण माणसं नाही का तशीच. चार वाजता जायचं, पंखा-एसी काही लावायचं नाही, आणि पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लावायचा. दहापर्यंत मोजायचं. हात राहिला तर घर राहण्याचं. नाही राहिला तर तो तवा समजायचा, भिंत नव्हे.”

“दहापर्यंत?” नर्स हसली.

“सावकाश मोजायचं. घाईत मोजलं तर आपणच फसतो.”

मागे पेपरचं पान उलटायचा आवाज यायला हवा होता. आला नाही. मग मी जास्त काही न बोलता बिस्किटांचा डबा फिरवला. पेरून झालं की माती उकरून बघायची नसते.

पण चार-पाच दिवस म्हणजे बुधवार किंवा गुरुवार, आणि गुरुवारी सही. रविवार कोरडा गेला. सोमवारी ताईंनी दलालाला फोन करून काचेची लांबी विचारली. मंगळवारी पडद्यांचं कापड घेऊन आल्या. निळं, समुद्राशी मॅचिंग. मला वाटलं, बी कुजलं.

मंगळवारी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढत होते. भाऊजी हळूहळू चालत आले. डॉक्टरांनी सांगितलेल्या फेऱ्या ते आमच्या अंगणातच मारत.

“काय म्हणतंय?” त्यांनी विचारलं. “किती उगवलंय?”

“काय, भाऊजी?”

“शनिवारी पेरलंस ते. एवढं मोठ्याने नर्सला सांगत होतीस, तिचे कान तर चांगले दिसले.”

मी दातातला चिमटा काढला. “तुम्ही झोपला होतात ना?”

“मी डोळे मिटले होते. चष्मेवाला आहे मी, कुणाला काय दिसतं एवढंच आयुष्यभर बघितलं.”

“मग तुम्हीच सांगा ना त्यांना. प्रकृती तुमची आहे.”

भाऊजी दोरीला धरून उभे राहिले. मिस्किलपणा जरा बाजूला झाला.

“ऑपरेशनच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली होती. समोर भिंत. हिरवट रंगाची, वर एक घड्याळ. दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसली. मला वॉर्डात आणल्यावर पहिलं वाक्य काय बोलली माहीत आहे? ‘बरे व्हा, आपण समोर समुद्र असलेलं घर घेऊ. मला पुन्हा भिंत बघायची नाही.’ आता सांग, त्या खिडकीला नाही म्हणायचं तोंड मी कुठून आणू?”

मी हातातल्या सदऱ्याची उगीचच दोनदा घडी केली. इतके दिवस मी त्या काचेला ताईंचा हट्ट या खात्यात टाकलं होतं. खातं चुकलं होतं.

“तिला दमात घेऊन चालत नाही,” भाऊजी पुन्हा मूळ आवाजात आले. “तिचंच म्हणणं तिला परत विकावं लागतं. मी सगळा संसार त्याच धंद्यावर केला. पण एक सांगतो, उत्तर तयार असून काय उपयोग? विचारणारा नको? तुझी ती नर्स उद्या मोकळी आहे का?”

नर्स मोकळी होती. मी तिला एवढंच सांगितलं की उद्या दुपारी ये, माझ्या नणंदबाई घर घेतायत, त्यांना घराचं फार कळतं, त्यांना विचार. यात एक अक्षर खोटं नव्हतं. निदान ताईंच्या मते तरी.

बुधवारी ती आली तेव्हा झडपा ओढलेल्या, खोलीत गारवा, भाऊजी कॉटवर आडवे, ताई पडद्याच्या कापडाला टीप घालत होत्या. मी कलिंगड कापत बसले आणि मान वर केली नाही.

“ताई, मावशी म्हणाल्या तुम्हाला विचार. मी दोन जागा बघितल्या, ठरवता येईना.”

ताईंनी सुई कापडात खोचली. चष्मा खाली आला, पण मायेने. अर्ज योग्य टेबलावर आला होता.

“कधी बघितल्यास?”

“सकाळी. ड्यूटीच्या आधी.”

“तिथंच चुकलीस!” ताई म्हणाल्या. “अगं, सकाळी काय कळणार? माझं ऐक. घर बघावं दुपारी चारला. ऑफिसात मी काय करायची, सकाळी अर्ज घ्यायची, पण सही दुपारी. कारण सकाळी सगळे गोड बोलतात. खरं कारण दुपारी कळतं. चार वाजता जायचं आणि आतून भिंतीला हात लावून बघायचा.”

मी कलिंगडाच्या बिया काढत राहिले. माझ्या सल्ल्याला ऑफिसची फोडणी मिळाली होती. पण चव माझीच होती.

“किती छान,” नर्स मनापासून म्हणाली. “तुमच्या घराची भिंत कशी होती, ताई? हात राहिला?”

ताईंनी सुई काढली, पुन्हा खोचली. पोरगी उत्तराची वाट बघत होती, निरागस, कलिंगडाची फोड हातात धरून. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे जागे होते.

“आजच जाणार आहे,” ताई म्हणाल्या. “सहीच्या आदल्या दिवशी मी नेहमी जाते.”

“नेहमी?” भाऊजी डोळे न उघडता म्हणाले.

“तुम्ही झोपा. अगं, त्या घराची किल्ली तुझ्याकडे असते ना?”

“असेल,” मी म्हटलं. “बघते.” आणि जुडगा असा चाळला, जणू ती किल्ली शनिवारपासून वेगळी काढून ठेवलेली नव्हती.

आम्ही निघालो. ताई, मी, नर्स, आणि नको नको म्हणत असताना टोपी घालून भाऊजी. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक कुत्रा गाडीखालून आमच्याकडे बघत होता, त्याच्या नजरेत स्पष्ट होतं की ही नवी माणसं आहेत. इमारतीत शिरलो तर लिफ्टचा दिवा मेलेला.

“वीज गेली वाटतं,” मी म्हटलं. ही व्यवस्था मी केलेली नव्हती. कधीकधी वरचाही हात लावतो. “ताई, उद्या येऊ या का?”

“उद्या कशाला? जिना आहे की.” मग भाऊजींकडे वळून, “तुम्ही इथं खाली बसायचं. हलायचं नाही.”

“बरं, साहेब.”

चौथ्या मजल्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा ताईंच्या तोंडून शब्द नव्हता, नुसता श्वास होता. मी कुलूप काढलं. दार उघडताच आतली हवा बाहेर आली. बंद गाडीचं दार उघडल्यावर येते तशी, सरळ तोंडावर. हॉलमध्ये ऊन अंथरलं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. समुद्र होता, पण त्याच्याकडे बघवत नव्हतं. पत्रा चमकावा तसा चमकत होता. शोकेसमध्ये मेणबत्त्यांनी या वर्षीच्या नमस्काराला सुरुवात केली होती, आणि खरा उन्हाळा तर अजून यायचा होता.

नर्स दारातच थांबली. ताई चालत गेल्या, काचेच्या शेजारच्या भिंतीजवळ उभ्या राहिल्या आणि तळहात लावला. लगेच काढला. माझ्याकडे बघितलं. मी मेणबत्त्या बघत होते. मग त्यांनी पुन्हा हात लावला आणि दात खाऊन मोजायला लागल्या. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे आवाज आला नाही. हात पदराला पुसत त्या काचेसमोर उभ्या राहिल्या. डोळे बारीक करून, उलट्या हाताची झापड कपाळावर धरून, तो समुद्र बघत.

त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

“सकाळी इथं वारा होता गं,” ताई हळूच म्हणाल्या.

“असतो, ताई. सकाळी असतोच.”

कुलूप लावून आम्ही उतरायला लागलो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. टोपी गुडघ्यावर, एक हात कठड्यावर, एक छातीवर. आमची चाहूल लागताच छातीवरचा हात त्यांनी खाली घेतला. ताईंनी तो बघितला.

“हलू नका म्हटलं होतं ना मी!”

“म्हटलं, रोज चढायचंय तर आजपासून सवय...” वाक्य पूर्ण व्हायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं.

नर्स झटकन पुढे झाली, त्यांचं मनगट धरलं, पुटपुटत ठोके मोजले. “काही नाही. दमलेत. बसू द्या पाच मिनिटं.” तिने पिशवीतली पाण्याची बाटली दिली.

ताई त्याच पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. इस्त्रीच्या साडीची पर्वा न करता, धुळीत. समोर जिन्याची भिंत होती. किती तरी वेळ दोघं त्या भिंतीकडे बघत बसली आणि मी वरच्या पायरीवर उभी राहून किल्ल्या वाजणार नाहीत याची काळजी घेत होते.

“इथं बरं आहे,” भाऊजी म्हणाले. “गार आहे.”

ताईंनी हात लांब करून जिन्याच्या भिंतीला लावला. सवय लागली होती. हात तिथंच राहिला.

“ही कुठली बाजू?” त्यांनी मला विचारलं.

“उत्तर. मागची.”

“या बाजूला खाली काय आहे?”

आता इथं माझी खरी परीक्षा होती. तळमजल्याचं मागचं घर रिकामं होतं, कितीतरी दिवस. दलाल ते कुणाला दाखवत नसे, कारण त्यातून समुद्र दिसत नाही. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीसमोर एक जुनं दाट झाड. त्याचीही किल्ली माझ्याकडे होती. ‘बघा ना ताई, छान आहे’ असं मी म्हटलं असतं तर ते घर तिथंच मेलं असतं.

“आहे एक लहानसं,” मी नाक मुरडून म्हटलं. “पण तुम्हाला नाही आवडणार.”

“मला काय आवडेल ते तू कधीपासून ठरवायला लागलीस?” ताई उठल्याच. “काढ किल्ली.”

भाऊजींना खोकला आला. हसण्याचा खोकला आणि छातीचा खोकला यांतला फरक मला कळतो. हा पहिला होता.

घर उघडलं. झडपा बंद, आत माठाच्या आतल्यासारखा गारवा. ताईंनी एकेक भिंत हाताने तपासली, डॉक्टर पाठ तपासतात तशी. दहापर्यंत मोजलं, मग उगीच वीसपर्यंत. पडवीचं दार ढकललं. झाडाखाली पानांचा खच होता आणि एक मोडकी खुर्ची. भाऊजी सरळ जाऊन त्या खुर्चीत बसले, तीन पायांवर तोल सांभाळत, आणि म्हणाले, “मी इथंच आहे. तुम्ही चहाला बोलवायला या.”

ताई पडवीत उभ्या होत्या. मला माहीत होतं त्या काय शोधतायत.

“समुद्र दिसत नाही,” मी म्हटलं. या वेळी नाक न मुरडता.

“ऐकू येतोय,” भाऊजी म्हणाले.

आम्ही ऐकलं. येत होता. इमारतीच्या पलीकडून, कुणीतरी शेजारच्या खोलीत गादी झटकावी तसा.

“आणि मला रोज चालायला सांगितलंय,” ते पुढे म्हणाले. “समुद्र हॉलमध्येच आला तर मी खुर्चीतून उठेन का? कोपऱ्यावर बाक आहे. संध्याकाळी तू मला तिथं ने. समोर भिंत नसेल. येताना मी बघून ठेवलाय.”

ताईंनी चष्मा काढला, काचा पदराने पुसल्या. बराच वेळ पुसल्या, तेवढी धूळ काही नव्हती.

“निळे पडदे इथं अंधार करतील,” शेवटी त्या म्हणाल्या. “पांढरे घ्यावे लागतील.”

गुरुवारी सकाळी दलाल कागद घेऊन आला, कोरड्या शर्टात. ताईंनी त्याला समोर बसवलं.

“तुम्ही घरं सकाळी का दाखवता?”

“ताई, सकाळी प्रकाश चांगला असतो.”

“हं. आमच्याकडे एकजण दर सोमवारी आजारी पडायचा. त्याचंही असंच होतं, कारण नेहमी उजळ.” कागद त्यांनी परत सरकवले. “वरचं नको. खालचं मागचं हवंय. आणि ते मी दुपारी बघितलंय, तेव्हा त्याची तारीफ करू नका.”

दलाल शहाणा. दोन्ही घरं त्याच्याच हातातली, त्याला काय! त्याने ताबडतोब दुसरे कागद काढले आणि ‘मी तर पहिल्यापासून तेच सुचवणार होतो’ असं म्हणायला तोंड उघडलं. ताईंनी चष्मा खाली घेतला. त्याने तोंड मिटलं.

ह्यांना कळलं तेव्हा हे मला म्हणाले, “बघ, मी म्हटलं होतं ना, ताई कधीकधी ऐकते.”

“कुणाचं?” मी विचारलं.

“स्वतःचं,” हे म्हणाले. टाकीबाहेर डोकं असलं की ह्यांना बरंच कळतं.

त्या शनिवारी चहाला एक नवं जोडपं आलं होतं, नाकं सोललेली, उत्साह शाबूत. मी किटली उचलली तेवढ्यात आरामखुर्चीतून आवाज आला.

“घर बघताय? मग माझं ऐका. चार वाजता बघायचं. भिंतीला आतून हात. दहापर्यंत मोजायचं, आणि सावकाश बरं का. घाईत मोजलं तर आपणच फसतो.”

नर्सने माझ्याकडे बघितलं आणि तोंडात बिस्किट कोंबलं. मी किटली खाली ठेवली. जोडपं वही काढून लिहून घेत होतं.

पांगापांग झाल्यावर ताई कप गोळा करायला उठल्या. त्या कधी उठत नाहीत. माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, कप बशीत, बशी कपावर, सगळं चुकीचं रचत.

“घे,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात काहीतरी ठेवलं. खालच्या घराला बसवलेल्या नव्या कुलपाची किल्ली, अजून धार न गेलेली. “आम्ही तिकडचं आवरायला जाऊ तेव्हा घर बंद राहील. नळ सोडून बघ. झडपा सकाळी ओढ, विसरू नकोस. तुझ्या अजून लक्षात राहत नाही.”

“ओढीन, ताई.”

“आणि परत आल्यावरही ती तुझ्याकडेच राहू दे.” त्या वळल्या, दोन पावलं गेल्या, थांबल्या. “त्यांना कधी काही झालं, तर दार उघडायला घरातलं माणूस जवळ हवं.”

मी जुडग्याची कडी वाकवून ती किल्ली आत सरकवली. चौथ्या मजल्याच्या किल्लीशेजारी. नवी असल्यामुळे ती बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्याने वाजत होती.